एटीव्हीचा ब्रेक लाइट आणि विजेची परतीची वाट

नागाव, काशीदसारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांना घेऊन धावणाऱ्या एटीव्ही, म्हणजे कमी हवेच्या जाड टायरांच्या चारचाकी गाड्या, दिवसभर खारे पाणी आणि बारीक वाळू अंगावर घेत असतात. इंजिन हे सारे बऱ्यापैकी सोसते. विजेच्या जोडण्यांना ते सोसत नाही. त्यातही मागचा ब्रेक लाइट चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या वाटेतच असल्यामुळे बहुधा तोच आधी बिघडतो. तो बिघडला की पहिला संशय बल्बवर घेतला जातो, आणि नवा बल्ब लावूनही उजेड पडत नाही तेव्हा खरा शोध सुरू होतो.

यातील विद्युतमंडल अगदी साधे आहे. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेली वीज फ्यूज, किल्लीचा स्विच आणि ब्रेकचा स्विच ओलांडून बल्बमध्ये येते आणि तेथून चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. फिलामेंटचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या बारीक तारेचा, बल्ब वापरणाऱ्या अनेक गाड्यांत तो १२ व्होल्टचा २१/५ वॅटचा असतो. त्यात दोन फिलामेंट असतात: ५ वॅटची सतत जळणाऱ्या टेल लाइटसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. ब्रेक दाबल्यावर मोठ्या फिलामेंटमधून सुमारे पावणेदोन अँपिअर विद्युतधारा वाहते, म्हणजे तापलेल्या अवस्थेत तिचा रोध साधारण सात ओहम असतो. थंड असताना तो दहा पटींहूनही कमी असतो. म्हणून काढलेला बल्ब मीटरवर एका ओहमपेक्षा कमी रोध दाखवतो, आणि चांगला बल्ब ‘शॉर्ट’, म्हणजे आतून थेट जोडला गेलेला, समजून फेकला जातो.

जाणारी वाट सगळे तपासतात, परतीची फारसे कोणी तपासत नाही. मागचा भाग प्लास्टिकचा असल्याने होल्डरपासून एक तार निघून चॅसीवरच्या एखाद्या बोल्टखाली कसलेली असते. तांब्याची तार, लोखंडी बोल्ट आणि मध्ये खारे पाणी असे एकत्र आले की तेथे छोटा विद्युतघट तयार होतो व त्यात लोखंड झिजते. तयार झालेला गंज विजेचा फारच वाईट वाहक असतो. त्या सांध्यात एका ओहमचा जादा रोध आला, तर बल्बच्या वाट्याला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट येतात. ऐकायला ही घट किरकोळ वाटते. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलत असल्याने तो एक तृतीयांशाहून अधिक घटतो. भर उन्हात, धुळीच्या लोटामागून येणाऱ्या चालकाला असा दिवा लागला की नाही हेच कळत नाही.

हा सांधा पूर्ण तुटला तर जे दिसते ते गोंधळात टाकणारे असते. हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला, तर मोठ्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला चॅसीकडे जायला वाट नसते. ती उलटी फिरून लहान फिलामेंटमधून टेल लाइटच्या तारेत शिरते आणि त्याच तारेवर जोडलेल्या पुढच्या दिव्यांतून ‘अर्थ’, म्हणजे चॅसी, गाठते. लहान फिलामेंटचा रोध मोठीच्या सुमारे चौपट असल्याने बहुतेक व्होल्टेज तिच्यावरच पडते, म्हणून ब्रेक दाबल्यावर मोठी अंधारी राहते आणि लहान मिणमिणते. हेडलाइट चालू केला की दोन्ही फिलामेंटच्या बाहेरच्या टोकांवर सारखेच १२ व्होल्ट असतात, धारा वाहत नाही आणि दोन्ही विझतात. असे झाले तर बल्बला हात न लावता थेट अर्थच्या तारेकडे वळावे.

व्होल्टेज, रोध मोजणारा मल्टिमीटरही येथे फसवू शकतो. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर टोके लावली, तर सगळ्या धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच विद्युतधारा ओढत नाही. म्हणून मोजमाप भार असतानाच घ्यावे: बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबून, मीटरचे एक टोक होल्डरच्या धातूच्या कवचाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर दोष परतीच्या वाटेतच आहे. बॅटरीचे ऋण टोक सोडवून तो सांधा उघडावा, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, घट्ट कसावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी.

आकडा शून्याच्या जवळ असेल तर स्विच पाहावेत. ते बहुधा दोन असतात, हाताच्या लिव्हरजवळचा आणि पायाच्या पेडलचा. एकाने दिवा लागतो व दुसऱ्याने नाही, एवढ्यावरूनच बल्ब, अर्थ आणि फ्यूज निर्दोष ठरतात. लिव्हरच्या स्विचची दांडी वाळूने अडकली, तर दिवा कायम लागून राहू शकतो. पेडलचा स्विच स्प्रिंगने ओढला जातो; तो जुळवताना त्याचे अंग धरून फक्त नट फिरवावा, नाहीतर आतल्या तारा पिळवटून तुटतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मागच्या मडगार्डखाली एखादी तार घासून उघडी पडली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. त्यानंतर जळते ती फ्यूज नव्हे, सगळी वायरिंग.

एलईडी दिवा फिलामेंटपेक्षा सुमारे दोन दशांश सेकंद आधी पूर्ण उजळतो, आणि ताशी ३० किलोमीटर वेगाला तेवढ्या वेळात गाडी सुमारे १.७ मीटर पुढे जाते. या कारणासाठी तो घेण्यासारखा आहे. मात्र तो विद्युतधारा फारच कमी घेत असल्याने गंजलेल्या सांध्यावरही झकास पेटतो. खराब सांधा त्यामुळे झाकला जातो आणि गंज आतल्या आत वाढत राहतो, म्हणून एलईडी बसवण्याआधीच अर्थचा बोल्ट उघडून स्वच्छ करणे बरे.