कुटुंबचिंता व कॅथलिक श्रद्धा (मराठवाडा)

आजारपण, कर्ज, व्यसन, परगावी गेलेले लेकरू, लांबलेली सोयरीक अशा घरच्या काळज्या प्रार्थना, संस्कार आणि धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या श्रद्धावंत समाजाच्या) सोबतीने पेलण्याची कॅथलिक ख्रिस्ती समाजातील रीत. तिला एखाद्या स्वतंत्र विधीचे नाव नाही. घरातली जपमाळ, चर्चमधली मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची सामुदायिक उपासना) आणि वर्षाकाठची यात्रा मिळून ती घडते. चिंता मनात दाबून न ठेवता माणसाचे नाव घेऊन, मोठ्याने आणि चारचौघांत देवापुढे मांडणे, हे तिचे मुख्य लक्षण.

‘उद्याची चिंता करू नका’ हे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले येशूचे वचन या संदर्भात नेहमी सांगितले जाते. ते घाईने वाचले, तर काळजी वाटणे हेच अश्रद्धेचे लक्षण आहे असा समज होतो आणि आधीच खचलेल्या आईच्या डोक्यावर अपराधाचे ओझे चढते. कॅथलिक परंपरेचा रोख तसा नाही. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. त्याची आई मरिया आणि तिचा पती योसेफ त्याला शोधत हिंडतात, तो तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडतो, आणि आपण किती कष्टी झालो हे मरिया त्याला तोंडावर सांगते. जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातील ज्या प्रसंगांचे मनन करतात त्यांना ‘रहस्ये’ म्हणतात, आणि आनंदाच्या रहस्यांपैकी पाचवे रहस्य हेच. पोर हरवल्याची धास्ती आनंदाच्या रहस्यांत बसवणाऱ्यांना संसार ठाऊक असावा.

मराठवाड्यात ही परंपरा आली तीच मुळी चिंतेविषयी लिहून गेलेल्या एका संताच्या नावाने. १८९०च्या दशकात वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फ्रेंच मिशनरी काम करू लागले. हा संघ १८३८ साली फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेला. त्यांपैकी फादर गुरियन जाकिये यांचे नाव घोगरगावशी कायमचे जोडले गेले. प्रदेश निजामाच्या राज्यातला आणि काळ १८९६-९७ व १८९९-१९००च्या दुष्काळांचा. त्यामुळे इथल्या पहिल्या ख्रिस्ती पिढीची चिंता पोटापासूनच सुरू झाली. पुढे १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून (एका बिशपाच्या अखत्यारीतील प्रदेशातून) औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा करण्यात आला.

स्वतः फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते. संसारी माणसांसाठी लिहिलेल्या आणि १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात त्यांनी एक प्रकरण चिंतेला दिले. पाप सोडले, तर आत्म्याला चिंतेएवढे घातक दुसरे काही नाही, असे ते म्हणतात. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी जितका फडफडतो तितका अधिक गुरफटतो, हा त्यांचा दृष्टांत. त्यावर त्यांचा उपाय अगदी व्यवहारी आहे. आधी मन शांत करावे, मग इच्छित गोष्टीसाठी सावकाश प्रयत्न करावेत आणि मनातले गुरूपाशी, निदान एखाद्या भरवशाच्या मित्रापाशी बोलून टाकावे.

घरातली जपमाळ रात्रीच्या जेवणाच्या आगेमागे होते. दहा-दहा मण्यांचे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला येशू-मरियेच्या आयुष्यातील एक रहस्य. सुरुवातीला किंवा टप्प्याआधी हेतू सांगतात: ‘लातूरला शिकायला असलेल्या अमक्यासाठी’, ‘धाकटीच्या बाळंतपणासाठी’. घरात कोण कशाने झुरतो आहे हे इतरांना कित्येकदा इथेच कळते. अबोल बापाच्या तोंडून पोराचे नाव निघते ते याच वेळी. एकच प्रार्थना पन्नासहून अधिक वेळा म्हणायची असल्याने शब्द शोधावे लागत नाहीत, आणि भेदरलेल्या माणसाला नेमके शब्दच सुचत नसतात.

ऊसतोडीच्या गावांत या हेतूंना हंगाम असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कोयते’, दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. लहान लेकरे पुष्कळदा आजी-आजोबांपाशी राहतात. टोळीत गेलेल्या ख्रिस्ती घरांचा नाताळ ऐन हंगामात येतो. आई-बाप फडात, लेकरू गावात, अशी त्या घरांची स्थिती असते.

चर्चमध्ये ‘मिस्सा लावतात’, म्हणजे विशिष्ट हेतूने मिस्सा अर्पण करण्याची फादरांना विनंती करतात आणि ऐपतीप्रमाणे दान देतात. रविवारच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे सर्वांच्या गरजांसाठी एकत्र केलेली मागणी, होतात. आजाऱ्यासाठी तैलाभ्यंगाचा, म्हणजे पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार आहे. गोदावरीपलीकडे श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव येथे सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते. वैजापूर-गंगापूरकडच्या भाविकांना ती जवळची. मेणबत्ती लावणे, नवस फेडणे हे तिथेही चालते.

संतांपैकी या कामी हाक मारली जाते ती मोनिकेला. वाट चुकलेल्या मुलासाठी तिने वर्षानुवर्षे प्रार्थना केली. तो ऑगस्टीन ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला आणि ती त्याच वर्षी वारली. तिचा सण २७ ऑगस्टला, मुलाचा दुसऱ्या दिवशी. संत योसेफविषयीची एक नवी सवय पोप फ्रान्सिस यांच्यामुळे पसरली. १६ जानेवारी २०१५ रोजी मनिला येथे कुटुंबांशी बोलताना आपल्या मेजावर झोपलेल्या योसेफची मूर्ती असते आणि अडचण आली की ती कागदावर लिहून आपण मूर्तीखाली ठेवतो, असे त्यांनी सांगितले होते.

नवस आणि सौदा यांतली सीमा पुसट असते. ‘पोरगा पास झाला तर इतक्या मेणबत्त्या’ ही भाषा चर्चच्या आवारातही ऐकू येते. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने मनाची तयारी बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीवर भरवसा ठेवण्याला अंधश्रद्धाच म्हटले आहे. मागणे मागावे, पण उत्तर आपल्या मनासारखे येईलच असे धरू नये, ही शिकवण सांगायला सोपी आणि दवाखान्याच्या बाकावर बसून पाळायला फार अवघड आहे.

काही चिंता प्रार्थनेने हलक्या झाल्या, तरी त्यांचे कारण जागेवरच राहते. १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती धर्मातील दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, आणि मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती घरांत मुलांच्या शिक्षण-नोकरीची काळजी जातीच्या दाखल्याशी येऊन थांबते. आजाराबाबत मात्र कॅथलिक बायबल स्पष्ट आहे. सिराखच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय प्रार्थना कर असे सांगतो आणि लगेच वैद्यालाही जागा दे, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे बजावतो. झोप उडवणाऱ्या, जीव नकोसा करणाऱ्या चिंतेलाही तोच न्याय लागू होतो. त्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून चालू आहे.