क्रॉस-डोमेन विनंत्यांतील त्रुटींची हाताळणी

एका डोमेनवरच्या पानातील जावास्क्रिप्टने दुसऱ्या डोमेनवरील वेबसेवेकडे माहिती मागितली आणि ती मिळाली नाही, तर कारण ओळखून पुढची कृती ठरवण्याची पद्धत. पत्त्यातील स्कीम (एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस), होस्ट (सर्व्हरचे नाव) किंवा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) यांपैकी एक जरी वेगळे असले तरी ब्राउझर तो स्रोत परका मानतो आणि त्याचे उत्तर पानातील स्क्रिप्टला वाचू देत नाही. हे बंधन नेटस्केपने १९९० च्या दशकाच्या मध्यात आणले. पुढे ते टाळण्यासाठी रूढ झालेल्या जेसनपी या पद्धतीत माहिती आणायला स्क्रिप्ट टॅगच वापरत असल्याने ४०४ (पान सापडले नाही) आणि ५०० (सर्व्हरमधील बिघाड) या त्रुटींतला फरकही कळत नसे. २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस ठरलेल्या कॉर्स या नियमावलीमुळे सर्व्हर हेडरमधून, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळींतून, परक्या पानाला परवानगी देऊ लागला.

चर्चगेट-विरार लोकलमध्ये मध्येच रेंज गेली, सर्व्हरचा पत्ता सापडला नाही किंवा परवानगीचे हेडर नव्हते, तरी फेच हे विनंती पाठवणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन टाइपएरर ही एकच त्रुटी देते. खरे कारण फक्त ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत) दिसते, स्क्रिप्टला नाही. ही उणीव नसून जाणूनबुजून घातलेले कुंपण आहे. ते नसते, तर अंधेरीतल्या एखाद्या कार्यालयात उघडलेल्या कुठल्याही पानाला तिथल्या अंतर्गत नेटवर्कवरील यंत्रे सहज चाचपता आली असती.

याउलट सर्व्हरचे उत्तर वाचता आले, तर ४०४ किंवा ५०० आले तरी फेच ते यशस्वीच मानते. म्हणून रिस्पॉन्सचा (उत्तराचा) यश दर्शवणारा ओके गुणधर्म स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारा घोटाळा सर्व्हरकडचा असतो. आतला प्रोग्राम कोसळतो, ५०० चे उत्तर हेडरविना बाहेर पडते, ब्राउझर कॉर्सची तक्रार करतो आणि प्रोग्रामर परवानग्या शोधत बसतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेडर जोडणाऱ्या ॲड-हेडर निर्देशाला ‘ऑलवेज’ जोडल्याशिवाय तो त्रुटीच्या उत्तरांना लागू होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फेचचा ‘नो-कॉर्स’ मोड हा यावरचा उपाय मुळीच नाही. त्यात तक्रार थांबते, पण स्टेटस ० येतो आणि मजकूर वाचता येत नाही.

फेचला स्वतःची कालमर्यादा नसते. ती ॲबॉर्टकंट्रोलर या विनंती रद्द करणाऱ्या साधनाने घालतात. पुन्हा प्रयत्न मात्र विचारपूर्वक करावा. साध्या पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीला ऑप्शन्सची पूर्वतपासणी, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरला आधी परवानगी विचारणे, होत नाही. ती सर्व्हरपर्यंत पोचून अमलातही आलेली असू शकते, कॉर्समुळे अडवले जाते ते फक्त उत्तर. वीजबिल भरण्यासारख्या कामात अशी विनंती आपोआप परत पाठवली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक देऊन सर्व्हरनेच दुसरी विनंती ओळखावी.