मणक्यातील सौम्य अस्थिअर्बुदांवरील शस्त्रक्रिया

मणक्याच्या हाडात वाढणाऱ्या, पण कर्करोग नसलेल्या गाठी काढण्यासाठी किंवा जागीच नष्ट करण्यासाठी केलेले उपचार. अशी गाठ सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, म्हणून तिला ‘सौम्य’ म्हणतात. कण्यात मात्र ती कुठे आहे, यालाही तितकेच महत्त्व असते. मांडीच्या हाडात सुपारीएवढी गाठ वर्षानुवर्षे निमूट राहू शकते. मज्जारज्जूला खेटलेली तेवढीच गाठ पाय लुळे करू शकते.

सर्वाधिक आढळणारी गाठ रक्तवाहिन्यांची, म्हणजे हिमॅन्जिओमा. साधारण दहा प्रौढांत एकाच्या मणक्यात ती असते. कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात तिचे नाव वाचून घरचे हादरतात. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मणक्यात सुईने सिमेंट भरण्याची पद्धत (व्हर्टिब्रोप्लास्टी) 1984 मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे प्रथम वापरली गेली, ती मानेच्या मणक्यातल्या अशाच एका दुखऱ्या गाठीसाठी.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही किशोरवयीन मुलांची गाठ. पाठ रात्री ठणकते, मूल झोपेतून उठते, अ‍ॅस्पिरिनच्या जातीची वेदनाशामक गोळी घेतली की तासाभरात शांत होते. दुखऱ्या बाजूचे स्नायू आखडून कणा वाकतो आणि गाठ बाकाच्या आतल्या बाजूला सापडते. किशोरवयातला कण्याचा बाक एरवी फारसा दुखत नाही. म्हणून दुखणारा बाक दिसला की ‘बसायची सवय वाईट’ म्हणून मुलाला रागावण्याआधी सीटी स्कॅन करून घ्यावा. गाठीचा गाभा दोन सेंटिमीटरांहून लहान, बहुधा मणक्याच्या मागच्या कमानीत असतो. वरचे टणक हाड ड्रिलने थर थर घासून पातळ केले की तो चेरीसारखा लालसर दिसू लागतो. तो पूर्ण निघाला तर वेदना लगेच थांबते. कण उरला तर परत येते. बाक सुरू झाल्यापासून साधारण 15 महिन्यांच्या आत गाठ निघाल्यास कणा बहुधा आपोआप सरळ होतो. सुईने उष्णता देऊन गाभा जाळण्याचा मार्गही आहे (रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन), पण मज्जातंतू अगदी जवळ असल्यास तो टाळावा लागतो. याच जातीची मोठी गाठ म्हणजे ऑस्टिओब्लास्टोमा; ती काढताना मणक्याचे सांधे गेले, तर स्क्रू-रॉड लावून कणा स्थिर करावा लागतो.

भारतात मणक्याचा क्षयरोग इतका आढळतो की पोखरलेला मणका दिसताच आधी त्याचीच शंका येते. त्यामुळे तुकडा काढून तपासण्याआधी क्षयाची औषधे सुरू करण्याचा मोह टाळलेला बरा. गाठ असेल तर त्यात मोलाचे महिने जातात.

रक्ताने भरलेल्या अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्टमध्ये रक्तस्राव मोठा होतो. शस्त्रक्रियेआधी तिच्या रक्तवाहिन्या बुजवतात (एम्बोलायझेशन), मात्र मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी त्यात सापडणार नाही याची खात्री करूनच.

जायंट सेल ट्यूमर नावाने सौम्य, वागण्याने आक्रमक; क्वचित फुप्फुसातही पोहोचतो. नुसता खरवडला तर परत येण्याचा धोका मोठा, म्हणून शक्य तेथे तो न फोडता अखंड काढतात. 2013 पासून अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळालेले डेनोसुमॅब हे औषध गाठ आटवते, पण थांबवले की ती पुन्हा वाढू शकते. ही गाठ माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत असेल, तर अखंड काढताना तिथल्या नसा कापाव्या लागू शकतात आणि लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो. त्यामुळे खरवडायचे की अखंड काढायचे, हे रुग्णाशी शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट बोलून ठरवतात.