मॉनिटरवर ‘१०८०आय’ दिसलं तर लगेच मॉनिटर बदलू नका

आमच्याकडून कॅमेरे, फील्ड मॉनिटर आणि एलईडी वॉल भाड्याने नेणाऱ्या मंडळींसाठी

लग्नसराईत कोराडी रोडच्या लॉनवरून फोन येतो : “भाऊ, चित्र फाटून राहिलं.” वरातीत कुणाचा हात जोरात वर गेला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. स्टेजवर नवरदेव स्थिर बसला की सगळं ठाकठीक. अशा वेळी मॉनिटर बिघडलेला नसतो आणि केबललाही दोष देऊ नका. कॅमेरा इंटरलेस्ड (म्हणजे ‘आय’) सिग्नल बाहेर पाठवत असतो, एवढंच.

प्रोग्रेसिव्हमध्ये (म्हणजे ‘पी’) फ्रेमच्या सगळ्या १०८० ओळी एकाच क्षणाच्या असतात. इंटरलेस्डमध्ये त्या दोन खेपांत येतात : एकदा विषम क्रमांकाच्या ५४०, मग सम क्रमांकाच्या ५४०. या प्रत्येक खेपेला फील्ड म्हणतात. १०८०आय५० म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. दोन फील्डमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात हात पुढे सरकतो आणि दोन्ही एकत्र जोडले की दात उमटतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ही युक्ती छान चालायची. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते याच ५० फील्डच्या पॅल पद्धतीत, आणि आपल्याकडच्या कॅमेऱ्यांच्या मेनूत २५ आणि ५० हे आकडे आजही तिथूनच आलेले आहेत. सपाट पॅनलला मात्र पूर्ण फ्रेम लागते. फील्ड जोडण्याचं काम त्यालाच करावं लागतं, आणि स्वस्त मॉनिटर ते ढिसाळपणे करतात.

आता खरी गोम. रेकॉर्डिंग २५पीमध्ये (सेकंदाला २५ अखंड फ्रेम) आणि मॉनिटरवर मात्र ‘१०८०आय५०’, असं दिसलं तर रेकॉर्डिंग खराब झालं असं समजू नका. बरेच कॅमेरे २५पीची अखंड फ्रेम दोन भागांत कापून ५०आयच्या सिग्नलमधून पाठवतात. याला पीएसएफ म्हणतात. दोन्ही भाग एकाच क्षणाचे असल्यामुळे नीट जोडले की चित्र जसंच्या तसं मिळतं. मॉनिटर फक्त सिग्नलचा प्रकार वाचून ‘आय’ लिहितो. पण त्याला हे खरं इंटरलेस्ड वाटलं, तर तो नको ती दुरुस्ती करायला जातो आणि शालूच्या जरीतल्या बारीक रेषा थरथरतात. मॉनिटरच्या मेनूत पीएसएफचा पर्याय असेल तर तो निवडा.

खात्री करायची तर कार्डावरची क्लिप लॅपटॉपवर घ्या आणि हात हलतानाची फ्रेम थांबवून बघा. त्याआधी प्लेअरमधलं डीइंटरलेस (फील्ड जोडून दात पुसण्याची सोय) बंद करा, नाहीतर तो दात लपवतो. कॅमेऱ्यातूनच मॉनिटरवर क्लिप चालवून काही कळत नाही, कारण सिग्नल त्याच वाटेने जातो.

एचडीएमआय आउटपुट ‘ऑटो’वर ठेवू नका. मध्ये स्प्लिटर आला की कॅमेरा कधी कधी आपणहून १०८०आयवर उतरतो. हाताने १०८०पी निवडा. एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ जोडणी) वापरत असाल तर १०८०पी५० साठी थ्रीजी एसडीआय लागतं. जुना एचडी-एसडीआय व्हिडिओ मिक्सर १०८०आय५० किंवा १०८०पी२५ घेतो, पी५० घेत नाही आणि पडदा काळाच राहतो. एका मिक्सरवरचे सगळे कॅमेरे एकाच फॉरमॅटवर हवेत. आणि हो, ६० कडे वळू नका : आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

सुरेश भट सभागृहासारख्या ठिकाणी गाण्याचा कार्यक्रम एलईडी वॉलवर दाखवायचा असेल तर आमचा आग्रह पी५०चाच राहील. सिग्नल इंटरलेस्ड असला तर फील्ड जोडायला वॉलचा प्रोसेसर एक-दोन फील्ड थांबतो, म्हणजे २० ते ४० मिलिसेकंद. मिक्सरचा आणि वॉलचा उशीर त्यात मिळाला की गायकाचे ओठ आवाजाच्या मागे पडतात, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे ते लगेच ओळखतात.

बुकिंग करताना तुमचा कॅमेरा आणि मिक्सर कोणता ते सांगा. आउटपुट लावून, मॉनिटरला जोडून, तुमच्यासमोर दाखवूनच आम्ही सामान गाडीत चढवतो.