क्रकाच्या धबधब्यांना निघण्यापूर्वी

क्रोएशियाच्या सहलीचं बुकिंग करताना आम्हाला हमखास विचारलं जातं, "फोटोत लोक धबधब्याखाली पोहतायत, आपल्यालाही उतरता येईल ना?"

नाही. ते फोटो जुने आहेत. क्रका राष्ट्रीय उद्यानातल्या स्क्रादिन्स्की बूक या मुख्य धबधब्यात १ जानेवारी २०२१ पासून पोहायला बंदी आहे. पोहायचे कपडे बॅगेत जरूर ठेवा, पण समुद्रासाठी.

असं का, ते तिथे गेल्यावर डोळ्यांनी दिसतं. सह्याद्रीतला धबधबा कातळ झिजवतो, क्रका नदी मात्र स्वतःचे धबधबे बांधत जाते. तिच्या पाण्यात चुनखडी विरघळलेली असते. पाणी आपटून उडालं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना शेवाळावर बसतो. खालच्या शेवाळाचा दगड होतो, वर नवं शेवाळ वाढतं. फळ्यांच्या वाटेवर कठड्याशी थांबून पाण्यात अडकलेली एखादी काडी बघा, तिच्यावर खरखरीत पांढुरका थर चढलेला दिसेल. हा दगड ठिसूळ असतो, पाय पडला की मोडतो.

स्क्रादिन्स्की बूकला १७ टप्पे आहेत, एकूण उतार ४५.७ मीटर. फेरी जेमतेम दोन किलोमीटरची, तरी आम्ही तीन तास ठेवतो. घाई करणाऱ्यांनी आधीच सांगावं! जुन्या पाणचक्क्या आणि पायथ्याचे यारुगा वीजकेंद्राचे अवशेष बघायचे राहू नयेत. १८९५ साली इथल्या विजेवर शिबेनिक शहरात दिवे लागले. नायगाराचं केंद्रही त्याच वर्षीचं.

शक्यतो आम्ही स्क्रादिन गावातून बोटीने नेतो. लोझोवाच या प्रवेशद्वाराच्या बाजूने लवकर पोहोचता येतं, पण नदीवरून जाण्याची मजा त्यात नाही. थंडीत बोट बंद असते, तेव्हा लोझोवाचच. वरच्या अंगाचा रोश्की स्लाप ('स्लाप' म्हणजे धबधबा) हवा असेल तर दिवस वाढवावा लागेल. ऑगस्टमध्ये पाणी कमी आणि गर्दी फार. सुट्टी मिळत असेल तर मे महिना धरा.

व्हिसा शेंगेनचा लागतो. चलन २०२३ पासून युरो आहे. कुणी 'कुना' या जुन्या चलनाच्या उरलेल्या नोटा दिल्या तर त्या आठवण म्हणून ठेवा, दुकानात चालणार नाहीत.

फळ्या तुषारांनी ओल्या असतात. चपला नकोत, पकड असलेले बूटच घाला. आजी-आजोबा सोबत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, वाटेत पायऱ्या आहेत.