शंभर मीटरचं अडलेलं घड्याळ

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पहाटे साडेपाचला गेलं की माणसं दिसायच्या आधी ऐकू येतात. बुटांची धपधप, धापा, कुणीतरी मोजत असलेल्या राउंडचे आकडे. ही पोलीस भरतीची पोरं. माझा भाचा त्यांच्यातलाच. दिवाळीपासून त्याचं एकच रडगाणं चालू होतं, "मामा, सोळाशेचं टायमिंग बसलं, गोळाबी जातोय, पण शंभर काय हलंना."

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटरसाठी 20, गोळाफेकीसाठी 15 आणि शंभर मीटरसाठी 15 गुण असतात. शंभरचे पूर्ण गुण हवे असतील तर 11.50 सेकंदांच्या आत यावं लागतं. भाचा चार महिने 12.6च्या आसपास घुटमळत होता.

मी आधी त्याचं पळणं नाही, घड्याळ तपासलं. त्याचा मित्र शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचा आणि सुरुवातीच्या रेषेवरून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर यायला त्याला जवळपास 0.3 सेकंद लागतात. तेवढ्यात भाचा निघालेला असायचा. त्यात मित्राच्या बोटाला लागणारा वेळ वेगळाच. म्हणून तर जुने पंच पिस्तुलाच्या आवाजावर नाही, धुरावर घड्याळ चालू करायचे. इतकं करूनही हातानं घेतलेली शंभरची वेळ विजेवर चालणाऱ्या यंत्रापेक्षा कमीच भरते, आणि दोन्हींची तुलना करताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवायची पद्धत आहे. म्हणजे ज्या दोन दशांशांसाठी पोरगं महिनाभर रक्त आटवतं, ते बोटाच्या चुकीतच येतात आणि जातात. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलो. सेकंदाला 60 चित्रं घेतली की चूक शंभराव्या भागांवर येते. खरी वेळ निघाली 12.94. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

मग त्याचा रोजचा सराव पाहिला. आधी मैदानाचे राउंड, मग सोळाशे, मग जोर-बैठका, आणि सगळ्यांत शेवटी, घाम निथळत असताना, शंभरचे आठ-दहा स्प्रिंट, मध्ये जेमतेम मिनिटभर विश्रांती. खरी गोम इथे आहे.

पूर्ण वेगानं पळताना स्नायू पहिल्या काही सेकंदांत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा वापरतात. साठा छोटा, पण ऊर्जा देण्यात सगळ्यांत चपळ. एका जोरदार स्प्रिंटमध्ये त्याचा मोठा भाग संपतो. निम्मा परत यायला साधारण अर्धा मिनिट लागतं आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. मिनिटभरानं पुन्हा पळणारा पोरगा अर्धवट भरलेल्या टाकीवर पळतो. त्याला वाटतं आपण वेग वाढवतोय, प्रत्यक्षात तो दमसास वाढवत असतो. सोळाशेला त्याचा उपयोग आहे, शंभरला फारसा नाही.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. एक मज्जातंतू आणि त्यानं हलवलेले स्नायूतंतू अशा टोळ्या असतात. शरीर आधी लहान, न दमणाऱ्या टोळ्या कामाला लावतं आणि जोर लागेल तशा मोठ्या, वेगवान पण लवकर दमणाऱ्या टोळ्या बोलावतं. या मोठ्या टोळ्यांना पुरेपूर राबवायचं तर जोर पूर्ण लागतो आणि अंग ताजं लागतं. रोज दमलेल्या अंगानं तेराच्या घरात पळत राहिलं तर मेंदूला तीच लय पाठ होते. प्रशिक्षक याला वेगाचा अडसर म्हणतात: मेहनत वाढते, वेग तिथंच. आपल्याकडच्या बैलगाडावाल्यांना हे न शिकवता कळतं. शर्यतीचा खोंड कुणी रोज नांगराला जुंपत नाही.

मैदानावरून सतत एक आरोळी ऐकू येते, "पाय हलव, पाय हलव!" तीही फारशी खरी नाही. 2000 साली पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला 6.2 ते 11.1 मीटर एवढा सर्वोच्च वेग असलेल्या 33 धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून मोजमापं घेतली. हवेतला पाय पुढे आणायला सावकाश पळणाऱ्यांना आणि वेगवानांना जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो पाय जमिनीवर असताना. वेगवान माणूस अंगाच्या वजनाच्या मानानं जमिनीवर जास्त जोर देतो आणि तोही दशांश सेकंदाच्या आसपासच्या वेळात. त्यामुळे ताकद वाढवणाऱ्या बैठका, वजन घेऊन केलेले स्क्वॉट आणि उड्या यांचा शंभरशी थेट संबंध आहे. पाऊल ओढून लांब टाकण्याचा मात्र तोटा होतो, कारण शरीराच्या फार पुढे पडलेला पाय ब्रेकसारखा लागतो.

आता अजिंक्यतारा. साताऱ्यात कुठलाही प्रश्न घेऊन जा, उत्तर येतं, "किल्ला चढ." जिल्ह्यातल्याच मोही गावच्या ललिता बाबरनं 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि तिथे ती दहावी आली. यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन होते. आपला जिल्हा दमसासाचा, म्हणून सल्लेही दमसासाचे. पण पायथ्यापासून वरपर्यंत धापा टाकत जाण्यानं शंभरचं टायमिंग उतरत नाही. त्याच रस्त्यावरचा एखादा सौम्य चढ निवडून 20-30 मीटर जीव खाऊन पळायचं, सावकाश चालत खाली यायचं, पूर्ण श्वास बसेपर्यंत थांबायचं, असं पाच-सहा वेळा केलं तर सुरुवातीच्या जोराला फार उपयोग होतो. चढावर पाऊल फार पुढे पडत नाही, म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूवर ताणही कमी येतो.

सर्वोच्च वेग मात्र सपाटीवरच शिकावा लागतो. उसेन बोल्टनं 2009 साली बर्लिनमध्ये 9.58 सेकंद घेतले, तेव्हा त्याचा सर्वांत जास्त वेग 60 ते 80 मीटरच्या दरम्यान होता, पुढे तोही किंचित मंदावलाच. साधा पोरगा त्याच्या कितीतरी आधी आपल्या टोकाला पोचतो. भाच्याचा व्हिडिओ दहा-दहा मीटरनं पाहिला तर तो चाळिसाव्या मीटरनंतर दात-ओठ खात होता, खांदे कानाला लावत होता आणि वेग घसरत होता. त्याला आता 30 मीटर हळूहळू वेग घ्यायला आणि पुढचे 20 मीटर चेहरा सैल ठेवून पूर्ण वेगानं पळायला सांगितलंय. दर दहा मीटर जोरदार पळण्याला एक मिनिट विश्रांती, हा प्रशिक्षकांचा ठोकताळा. असे चार-पाच स्प्रिंट, आठवड्यातून दोनदा, तेही अंग गरम करून सगळ्यांत आधी. राउंड नंतर. वेळ वाढायला लागली की त्या दिवसाचं स्प्रिंटिंग बंद.

हे "बंद" त्याला सगळ्यांत जड गेलं. पण विश्रांतीतही शरीर कामच करतं. कोपनहेगनमध्ये जेस्पर अँडरसन आणि पेर आगार्ड यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या जड व्यायामानंतर मांडीतल्या सर्वांत वेगवान प्रकारच्या स्नायू-प्रथिनाचं प्रमाण सुमारे 9 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आलं. मग तीन महिने व्यायाम थांबवल्यावर ते 17 टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे मूळच्याही वर. याचा अर्थ भरतीच्या आधी तीन महिने लोळत पडा असा नाही, ताकदही तेवढ्यात उतरते. पण शेवटचे आठ-दहा दिवस सरावाचं प्रमाण कमी करायला आणि वेग तेवढाच ठेवायला हरकत नाही.

भाचा आता दोन स्प्रिंटच्या मध्ये पाच-पाच मिनिटं पायऱ्यांवर बसतो. बाकीची पोरं त्याला "साहेब" म्हणून चिडवतात. गेल्या रविवारी व्हिडिओवर 12.71 आलं. तो क्षणभर खूश झाला, मग म्हणाला, "मामा, जुन्या घड्याळावर बारा तीसच्या आसपास आलं असतं की हे."