तसबिरीतला रविवर्मा: मळवलीच्या छापखान्याची पार्श्वभूमी

चित्रकार राजा रविवर्मांचा स्मृतिदिन २ ऑक्टोबरला येतो. १९०६ साली ते गेले. पण तो दिवस गांधी जयंतीचा, त्यामुळे त्यांची आठवण निघते ती बहुधा २९ एप्रिलला, जयंतीच्या निमित्ताने. निघाली की बोलणं होतं ते मूळ तैलचित्रांबद्दल: बडोद्याच्या राजवाड्यातली पौराणिक चित्रं, लिलावात कोटींच्या घरात गेलेल्या किमती. मराठी घरांत मात्र कोणी ‘आमच्याकडे जुना रविवर्मा आहे’ म्हणतं, तेव्हा ते कॅनव्हासबद्दल बोलत नसतं. देवघराच्या वर किंवा ओटीवर काचेमागे असलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या छापील कागदाबद्दल बोलत असतं. या टिपणाचा विषय तो कागद.

देवादिकांची छापील चित्रं रविवर्मांनी पहिल्यांदा आणली, हा गैरसमज आहे. पुण्यात चित्रशाळा १८७८ साली सुरू झाली होती आणि कलकत्त्यातही त्याच सुमारास शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं निघत होती. रविवर्मांना छपाई सुचवली गेली ती १८८४ साली. आधी त्रावणकोर आणि मग बडोदा संस्थानाची दिवाणगिरी केलेल्या एका मुत्सद्द्याने पत्र लिहून सांगितलं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्याव्यात, मागणी खूप आहे. त्यावर लगेच काही झालं नाही. बडोद्याच्या महाराजांनी करवून घेतलेली चौदा पौराणिक चित्रं राजवाड्यात लागण्यापूर्वी बडोद्यात आणि मुंबईत लोकांना खुली केली गेली, आणि ती बघायला जी झुंबड उडाली त्यानंतर विचार पक्का झाला असावा. १८९४ साली मुंबईत छापखाना उभा राहिला. जर्मनीहून यंत्रं आली, कारागीरही आले. पहिला छाप होता शकुंतलाजन्माचा. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या मात्र लक्ष्मी आणि सरस्वती.

हे काम कसं चालायचं ते समजलं की पुढचा वाद नीट कळतो. एका चित्राला एक दगड पुरत नसे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे चुनखडीची गुळगुळीत घासलेली जाड लादी. तिच्यावर तेलकट खडूने त्या रंगापुरती आकृती काढायची, तीही उलटी. मग तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून न्यायचा. एखादा दगड केसभर सरकला की सरस्वतीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाच. शेवटी वॉर्निशचा हात आणि कॅनव्हासची वीण उमटावी म्हणून वरून दाब. दगडावरचं रेखाटन रविवर्मा स्वतः करत नव्हते. ते कारागीर करत, समोर मूळ चित्र किंवा त्याची नक्कल ठेवून. म्हणजे घरातला ‘रविवर्मा’ पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्या हातातून आलेला होता.

आता वादाचा मुद्दा. छापखाना विकण्याचा निर्णय.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. पुढची काही वर्षं माणसं शहर सोडून जात होती, कामगार टिकत नव्हते. १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. यंत्रं, रंग, दगड, परदेशी कारागिरांचे पगार, सगळा खर्च मोठा. कारभार मुख्यतः धाकट्या भावाच्या अंगावर, आणि तोही चित्रकारच. रविवर्मा संस्थानिकांच्या कामांसाठी सतत फिरतीवर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच छापखाना तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, चित्रं छापण्याच्या हक्कांसह.

या विक्रीवरून आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, चित्रकाराने आपली कला बाजारात नेऊन बसवली आणि तोटा दिसताच परक्याच्या हवाली करून मोकळा झाला. दुसरा म्हणतो, कर्जाच्या ओझ्याखाली हे मातीमोल विकावं लागलं, बिचाऱ्यावर अन्याय झाला. दोन्ही बाजू रविवर्मांना व्यापारी म्हणून तोलतात आणि नापास करतात. मला दोन्ही पटत नाहीत. ज्याला वर्षातले कित्येक महिने दरबारांतून चित्रं काढत फिरायचं आहे, त्याने माळावरचा कारखाना चालवत बसावं ही अपेक्षाच मुळात चुकीची. विकला नसता तर तो बहुधा बंद पडला असता, आणि लक्ष्मीची तसबीर इतक्या घरांत पोचलीच नसती. जर्मन मालकाला धंदा कळत होता. साबणापासून बाळांच्या औषधापर्यंतच्या जाहिरातींत आणि काड्यापेट्यांवर ही चित्रं झळकली.

किंमत मोजावी लागली ती वेगळीच. विक्रीबरोबर चित्रावरचा ताबा गेला. रंग कोणते लावायचे, मागचा देखावा ठेवायचा की बदलायचा, आकार केवढा, काही रविवर्मांच्या हातात राहिलं नाही. १९०५ साली भाऊ गेला, पुढच्या वर्षी ते स्वतः. छापखान्याचं नाव मात्र ‘रविवर्मा प्रेस’च राहिलं आणि पुढची कित्येक दशकं त्या नावाने इतर चित्रकारांची चित्रंही बाहेर पडत राहिली. तेव्हा तळाच्या पांढऱ्या पट्टीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं दिसलं की चित्र रविवर्मांचं, हा हिशेब धरू नये. बंगालमध्ये पुढे त्यांच्यावर ‘नाटकी’, ‘उसनं युरोपीय’ अशी टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मूळ चित्रांपेक्षा हे उशिराचे, भडक छापच जास्त पाहिले असावेत, असं मानायला जागा आहे. छापाची शिक्षा चित्रकाराला झाली.

घरातल्या बायकांनी या छापांचं जे केलं त्याची नोंद कलेच्या इतिहासात फार उशिरा झाली. लक्ष्मीच्या साडीवर खरं रेशमी कापड कापून चिकटवायचं, काठाला जर, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या. चेहरा आणि हात तेवढे छापलेले, बाकी सगळं घरातलं. अशा तसबिरी आता संग्राहक शोधत फिरतात. एकाच दगडावरून निघालेल्या दोन लक्ष्म्या त्यामुळे एकसारख्या राहिल्या नाहीत. हे काम मला मूळ छापापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही.

याच छापखान्यात काही काळ काम करून दादासाहेब फाळके बाहेर पडले, ही गोष्ट वाचकांना माहीत असेलच.

तसबिरीची सद्दी मोडली ती कॅलेंडरने. स्वातंत्र्यानंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून आणि कॅलेंडरांतून घरोघरी गेले. मुळगावकरांच्या एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने, देवांच्या गालांवर जी तुकतुकी आणली ती दगडावर येणं शक्य नव्हतं. दुकानदाराने फुकट दिलेलं कॅलेंडर वर्ष सरलं की खालची तारखांची बाजू कापून फ्रेम करायचं, ही रीत तेव्हाची. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली.

दरम्यान १९७२ साली मळवलीचा कारखाना आगीत गेला. योगायोग असा की पुरावस्तू आणि कलानिधींसंबंधीचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. त्या कायद्याखाली १९७९ साली रविवर्मांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या. त्याचा अर्थ इतकाच की त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देशात विकायला आडकाठी नाही. छापांचं काय, यावर लोक गोंधळतात. याच कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते, त्यामुळे आजोबांच्या वेळची तसबीर परदेशातल्या नातेवाइकांकडे पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी हे बरं.

चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, म्हणून आज कोणीही रविवर्मा छापू शकतो आणि छापतोही. चोरबाजारात जुना म्हणून दाखवतात त्यातला बराच माल असा. ओळखायचं तर भिंग घ्या. ऑफसेटवर छापलेल्या कागदावर रंगाचे ठिपके ओळीत, ठरावीक अंतरावर बसलेले दिसतात. दगडावरच्या छापात ते लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने दिलेले असतात. तळाच्या पट्टीतल्या नावावर भरवसा ठेवू नका, कारण जुना छाप स्कॅन करताना ती पट्टीही त्याच्याबरोबर येते.